भीमसिंग नायकाचं विमानवेड

दरवर्षी होळीच्या तोंडावर भीमसिंग नायक माळावरच्या तांड्यातून खाली कुरुंद्यात उतरतात, आमच्या ओट्यावर बसतात, लाल पागोटं काढून गुडघ्यावर ठेवतात आणि विचारतात, "बाई, यंदा इमानाचं काय झालं?"

त्या दिवसांत आमच्या घरी कुणाला कुणाकडे बघायला सवड नसते. अंगणापलीकडे हळद शिजत असते, वाफेने डोळे चुरचुरत असतात, बायांना चहा हवा असतो आणि आमचे यजमान व्यंकटराव सगळ्या जगावर खेकसत असतात. अशा धांदलीत हा माणूस विमानाची चौकशी करायला येणार! पहिल्या वर्षी मी फटकन म्हणाले होते, "नायक, तुम्हाला विमान कशाला हवं? तांड्यावर अजून एस. टी. येत नाही." रागवायचं सोडून त्यांनी मान डोलावली. "व्हय, ती बी येईना. पन इमानाचं सांगा."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढला. समोर कुणी प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय मला चैन पडत नाही, मग तो प्रश्न कितीही अडनिडा असो. त्या सुमाराला सरकारने वर्षभरात काय काय केलं याची लांबलचक वर्णनं पेपरात येतात. कोणी ती वाचत नाही. मी मात्र त्यातली विमानाची हकिकत शोधून नायकांना वाचून दाखवू लागले. त्यांना अक्षरओळख नाही, पण ऐकलेलं विसरत नाहीत. गेल्या साली मी काय वाचलं होतं ते त्यांना माझ्यापेक्षा नीट आठवतं, आणि माझ्याकडून काही सुटलं तर "त्या छोट्या गावांच्या इमानांचं राहिलं, बाई," असं म्हणून मला परत मागे नेतात.

हे वेड कुठून आलं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली. नायकांचे आजे लदेणीवर जात. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूख तुडवत जाणं. या बंजाऱ्यांनी एके काळी देशभर मीठ आणि धान्य असंच पोचवलं. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते आले, बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या आणि तांडे माळावर थांबून शेती करू लागले. नायकांनी स्वतः लदेणी पाहिलेली नाही, पण आजाच्या मांडीवर बसून इतकी ऐकली आहे, की वाहतुकीची कुठलीही बातमी त्यांना घरचीच वाटते. नवा विमानतळ झाला म्हटलं, की ते विचारणार, "नवा पडाव कुठं पडला?" दहा-बारा वर्षांत देशातले तळ दुपटीने वाढले हे मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. जणू त्यांच्याच भावकीत कुणाची भरभराट झाली होती.

एका साली त्यांनी असा प्रश्न विचारला, की मीच विचारात पडले.

"बाई, इतकी इमानं उडून राहिली. यांचा नायक कोन?"

तांडा हलायचा तो नायकाच्या शब्दावर. कुठल्या वाटेने जायचं, कुठे थांबायचं, कुणी पुढे राहायचं, सगळं नायक सांगणार. मी पेपर चाळला आणि म्हणाले, "नागरी विमान वाहतूक महासंचालनालय." एवढं म्हणेपर्यंत मला धाप लागली.

"एवढं लांब नाव? मग मानूस लई मोठा असंल."

"माणूस नव्हे, कचेरी आहे. तिच्या परवान्याशिवाय कुणी विमान चालवू शकत नाही. विमान तपासल्याशिवाय उडवता येत नाही. वाट ठरलेली, उंची ठरलेली."

"आन् कचेरीचं ऐकत्यात समदे?"

"ऐकावंच लागतं."

नायक बराच वेळ वर बघत बसले. आमच्या ओट्यावरून आभाळाचा एक तुकडाच दिसतो, त्यात घारीशिवाय काही नव्हतं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हंजे त्या उघड्या आभाळात बी वाटा हायेत. आपल्याला दिसत न्हाईत, पन हायेत." मला हे कधी सुचलं नव्हतं. मी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला आभाळाकडे बघून अंगावर काटा आला.

एवढं वेड असून या माणसाने विमान उडताना जवळून कधी पाहिलेलं नव्हतं. नांदेडहून विमानं सुरू झाली तेव्हा व्यंकटराव त्यांना आपल्या जीपमधून दाखवायला घेऊन गेले. वाटेत टायर बसला. पोचेपर्यंत विमान गेलेलं होतं. नायक विमानतळाच्या भिंतीला हात लावून परत आले आणि त्यांनी तांड्यात जाऊन सांगितलं, की भिंत एकदम मजबूत आहे. पुढे ती विमानं बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पण जाणं काही झालं नाही. उंचावरून जाणारा पांढरा ठिपका, एवढंच त्यांचं विमान. "मरायच्या आधी एक डाव इमान जमिनीवरून उठताना पाह्यचं हाय," असं ते म्हणत. व्यंकटराव त्यांना चिडवत, "नायक, तुम्ही उठायच्या आधी ते उठलं पाहिजे."

मग ड्रोन आले. सरकारने त्यांचे नियम केले ते मी त्या साली वाचून दाखवले. प्रत्येक ड्रोनला मोटारीसारखा नंबर, चालवणाऱ्याला परवाना, देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे, लाल भाग. हिरव्यात ठरलेल्या उंचीपर्यंत खुशाल उडवा, पिवळ्यात विचारून, लालमध्ये सरकारच्या खास परवानगीशिवाय नाही. कुणा पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरायचं असलं, तर हिरवा भागही तेवढ्यापुरता लाल होतो. हे ऐकून व्यंकटराव भडकले.

"वावर माझं. सातबारा माझ्या नावावर. मग माझ्या हळदीवरचं आभाळ सरकारचं कसं?"

"राव," नायक म्हणाले, "आमच्या आज्यापंज्याची एक बी वाट त्यांच्या नावावर नव्हती. वाट कुनाचीच नसती. तिच्यावरून कसं चालायचं, त्याचा कायदा असतोय."

व्यंकटरावांनी चहा ढोसला आणि विषय बदलला. हरले की ते असंच करतात.

नंतर बायकांच्या बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याची योजना आली आणि तांड्यावरच्या सामकी माता गटाचं नाव तिच्यात लागलं. गटातली एक बाई चालक म्हणून शिकायला पाठवायची होती. ती शिकलेली हवी होती. तांड्यात बारावी झालेली सून एकच, आणि ती नायकांच्याच घरातली. दिपा तिचं नाव. विदर्भाच्या सीमेवरच्या कनेरगाव नाक्याकडची, त्यामुळे बोलताना 'मला' ऐवजी 'मले' म्हणते आणि तांड्यातल्या पोरी तिला त्यावरून छळतात. तिचा नवरा प्रेमदास पिकअप चालवतो, वसमतच्या बाजारात हळद पोचवतो.

इथे तांड्याची एक रीत सांगायला हवी. सासऱ्यापुढे सुनेने तोंड दाखवायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचं नाही. (आमच्या घरांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. माझ्या सासऱ्यांपुढे मी डोक्यावर पदर घेऊन खाली बघत हिंडले, शाळेत मात्र साहेबाला सुनावून येत होते.) नायक घरात शिरण्याआधी दारात खाकरतात, म्हणजे दिपाला पदर तोंडावर ओढायला वेळ मिळतो. बोलणं सगळं सासूच्या, रुख्मिणीबाईंच्या मार्फत. मी डोळ्यांनी पाहिलं आहे: तिघं एकाच खोलीत, आणि नायक म्हणतात, "रुख्मिणी, तिला म्हन, चहात साखर कमी पडली." पदराआडून कुजबुज येते, "याडी, त्यायले सांगा, साखर सरली." (याडी म्हणजे आई.) दोघांना दोघांचं स्वच्छ ऐकू येतं, तरी रुख्मिणीबाई इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत राहतात. त्यांच्या मते घरात खरं काम करणाऱ्या त्या एकट्याच.

दिपाला पाठवायचा निर्णयही याच मार्गाने झाला. तांड्यातली म्हातारी माणसं कुरकुरत होती, सून परक्या गावी राहणार म्हणून. नायकांनी पंचांसमोर बायकोला सांगितलं, "रुख्मिणी, तिला म्हन, जा. आन् म्हन, नीट शिकून ये."

दिपा शिकून आली, परवाना घेऊन आली, आणि तांड्यात पोचण्याआधी माझ्याकडे आली. पदर खांद्यावर, डोळे चमकत होते. तिने मोबाईलवर मला आभाळाचा नकाशा दाखवला. त्यात आमचं कुरुंदा होतं, माळ होता, आमचं वावर होतं, आणि सगळ्यावर हिरवा रंग पसरलेला. नांदेडच्या विमानतळाभोवती लाल, त्याच्या बाहेर पिवळा.

"बाई, ज्या कचेरीत मोठाल्या इमानांच्या पायलटची नावं हायेत, त्याच कचेरीत माझं नाव हाय. मले नंबर हाय. ड्रोनलेबी नंबर हाय."

मी तो मोबाईल हातात घेतला. दिल्लीत कुठेतरी बसलेली ती लांबलचक नावाची कचेरी, शेकडो माणसं घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या विमानांचा कायदा करणारी, तिला आमच्या बांधाच्या वरच्या हवेचा पत्ता ठाऊक होता. आणि त्या हवेत चालायचा हक्क तिने माळावरच्या एका सुनेला दिला होता. मला सहसा कशाचं अप्रूप वाटत नाही, घरचे तर मला कारलं म्हणतात. पण तेव्हा मला खरोखर भरून आलं.

"सगळ्यात महत्त्वाचा नियम कोणता?" मी शिक्षिकेच्या सवयीने विचारलं.

"उडवताना ड्रोनवरची नजर हटवायची न्हाई. कायबी झालं तरी."

पहिलं उड्डाण तांड्याच्या मैदानावर ठेवलं होतं, टाकीत नुसतं पाणी भरून. अख्खा तांडा जमला. योजनेच्या देखरेखीला शिला मॅडम हिंगोलीहून आल्या होत्या. पुढच्या रांगेत बाजेवर म्हातारी माणसं, मधोमध नायक, नवं धोतर नेसून. दिपा कपाळापर्यंत पदर घेऊन उभी होती. यंत्र घुमलं, उठलं, लोक ओरडले. ते मैदानाच्या कडेकडेने जात होतं तेवढ्यात माळावरचा वारा सुटला आणि तिच्या डोक्यावरचा पदर उडाला. समोर सासरा आणि सगळे पंच. तिचा हात आपसूक गेला. तिने पदर पकडला, तोंडावर ओढला, मान खाली घातली. दुसऱ्या हाताचा अंगठा रिमोटच्या कळीवर तसाच दाबलेला राहिला. पदराआड तिला काहीच दिसत नव्हतं, आणि ड्रोन सरळ जाऊन बाभळीत घुसला.

कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार. पण दोन पाती मोडली, एक पाय वाकला.

"नजर कशी हटली तुमची?" शिला मॅडमनी विचारलं. सासरा समोर असताना दिपा तोंड उघडणार कशी?

"तिचा सासरा समोर हुता न्हवं," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"मग?" मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

जाताना त्यांनी स्पष्ट सांगितलं. ड्रोन दुरुस्त होऊन येईल. मग एकदा प्रत्यक्ष पिकावर, गटाच्या आणि गावाच्या समोर दिपाने तो चालवून दाखवायचा. जमलं तर ठीक. नाही तर ड्रोन दुसऱ्या गटाला जाईल. अनेक गट वाट बघत होते. त्यासाठी वावर आमचं ठरलं. पावसाची झड लागून गेली होती, हळदीवर करपा रोग दिसू लागला होता, आणि छातीपर्यंतच्या पानांत पाठीवर पंप घेऊन शिरायला माणूस मिळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिपा माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली.

"बाई, मले सगळं येते. डोळे झाकून सांगते कोनतं बटन कुठं हाय. पन ते समोर बसले की हात आपोआप जाते. मी काय करू? घरी तर म्हनू शकत न्हाई, तुमी येऊ नका म्हनून."

"मी म्हणते," मी म्हणाले.

आणि म्हणालेही. संध्याकाळी नायक स्वतःच आले. होळी नसताना ते आमच्या ओट्यावर येण्याची ही पहिलीच वेळ. पागोटं काढलं नाही.

"बाई, ती मॅडम म्हनली त्यो नियम पुन्ना सांगा. बराबर सांगा."

"चालकाने उडवताना नजर हटवायची नाही."

"हुकूम कोनाचा? त्या मॅडमचा?"

"नाही. त्याच कचेरीचा."

मला राहवेना. "नायक, स्पष्ट बोलते. त्या दिवशी तुम्ही घरी बसा. तुमच्यामुळे पोरीचं नुकसान होतंय. तांड्याच्या हातातलं विमान जाईल."

मी जरा जास्तच जोरात बोलले होते, पण मला पश्चात्ताप नव्हता.

"तांड्याची पयली लदेणी निघतीय, आन् नायक घरी बसंल?" ते म्हणाले. "असं कधी झालं न्हाई, बाई. नायक 'हाका' म्हनल्याबिगर बैल हलत न्हाई. मी घरी बसलो तर समदे म्हनतील, नायकाची मर्जी न्हाई. मग तिच्या हातचं कोन मानंल?"

"मग तिला सांगा, पदर नको घेऊ."

"मी कसं सांगू?" नायक कळवळून म्हणाले. "मी तिच्याशी बोलत न्हाई. आन् रुख्मिणीला सांगून सांगितलं, तरी तिचा हात ऐकंल का? माझ्या मायचा हात मरेपर्यंत ऐकला न्हाई." ते उठून निघून गेले, आणि मी व्यंकटरावांना म्हणाले, की ड्रोन गेलाच म्हणून समजा.

ठरल्या दिवशी सकाळी ऊन पडलं. बांधावर माणसं जमली. दिपा गुडघाभर गवतात यंत्राजवळ वाकून एकेक गोष्ट तपासत होती: पाती, टाकी, बॅटरी, मग मोबाईलवरचा नकाशा. नकाशा हिरवा होता. तिचे ओठ सुकले होते. शिला मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. तेवढ्यात माळावरून म्हातारी माणसं उतरताना दिसली, लाल पागोट्यांची रांग, पुढे नायक. त्यांना पाहताच दिपाचा पदर नाकापर्यंत आला.

नायक बांधावर आले. सोबतच्या सगळ्यांना ओळीने उभं केलं. यंत्राकडे एकदाच पाहिलं. ते कसं पाहिलं, ते मी विसरणार नाही. लहान पोर जत्रेतलं दुकान सोडून जाताना बघतं तसं. मग ते त्यांच्या गोरमाटी बोलीत काहीतरी म्हणाले, आणि सगळे म्हातारे वळले. वावराकडे पाठ करून, तोंड माळाकडे करून, ओळीने उभे राहिले. मधोमध नायक.

"हे काय? रुसले का हे लोक?" शिला मॅडमनी मला विचारलं.

"नाही हो," मी म्हणाले. "सासऱ्यासमोर सून तोंड उघडं टाकत नाही. म्हणून सासऱ्याने समोर असायचंच सोडून दिलं."

ज्या माणसाने जन्मभर एकच इच्छा धरली होती, विमान जमिनीवरून उठताना बघायची, तो ते विमान बांधाशी उभं असताना पाठ करून उभा होता. तांड्याची रीत त्याने मोडली नाही, आणि आभाळाचा नियमही मोडू दिला नाही. दोन्हींची किंमत एकट्याने भरली. मी आजवर मोठमोठ्यांची भाषणं ऐकली आहेत, पण माणूस मोठा असतो म्हणजे काय, ते मला त्या बांधावर समजलं.

दिपाने त्या पाठींकडे पाहिलं. तिला कळायला क्षणभर लागला. मग तिने पदर डोक्यावरून काढला, कमरेला गच्च खोचला आणि डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून टोपी घातली. वारा होता, पण आता उडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नायकांनी पाठमोरेच राहून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा आवाज दिला, "हाका!"

यंत्र घुमलं. आग्या मोहोळ उठावं तसा आवाज झाला, गवत चहूकडे आडवं झालं, आणि ते उठलं. धूळ नाही, धडपड नाही. सरळ वर आलं आणि हवेत थांबलं. मग हळदीवरून चालू लागलं. त्याच्या खालची पानं वाकत होती आणि ते पुढे गेलं की पुन्हा सरळ होत होती. फवाऱ्याचं धुकं उतरत होतं, त्या धुक्यात उन्हाचे रंग फुटत होते. वावराच्या टोकाला पोचून ते वळलं, आणि शेजारच्या ओळीवरून परत येऊ लागलं. जिथे माझी माणसं साप-किरडाच्या भीतीने शिरत नव्हती, तिथून ते निवांत येत-जात होतं. दिपा वर बघत होती. तिची मान ताठ होती, आणि तिचे अंगठे इतके हळू हलत होते, की ते हलतायत हेही दिसत नव्हतं.

"बाई," पाठमोऱ्या नायकांनी मला हाक मारली. "सांगा की. कुठं हाय?"

दरवर्षी पेपरातलं सांगते तसं मी सांगायला लागले. "उठलं, नायक. आता हळदीवर आहे. पुरुषभर उंच असेल पानांपासून. आता टोकाला पोचलं. वळलं. परत येतंय."

"आन्?"

"आणि..." मला पुढे बोलवेना. व्यंकटराव माझ्या शेजारी तोंड वासून उभे होते. नायक वाट बघत होते. त्यांची मान थोडी कलली होती, आवाज जाईल तिकडे हळूहळू फिरत होती.

शेवटची ओळ झाली. टाकी रिकामी झाली. दिपाने यंत्र परत आणलं, मोकळ्या जागेवर थांबवलं, पण उतरवलं नाही. नजर यंत्रावरच ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "बापू, इकडं फिरा. बघा."

रुख्मिणीबाईंच्या हातातली पाण्याची कळशी कलंडली. त्या घरात आल्यापासून सुनेने सासऱ्याला उद्देशून काढलेला तो पहिला शब्द होता.

नायक वळले नाहीत. आधी त्यांनी खाकरून घेतलं, दारात खाकरतात तसं. पदर ओढायला वेळ दिला. दिपाचा हात हलला नाही. मग ते अगदी सावकाश वळले.

यंत्र त्यांच्यासमोर हवेत थांबलेलं होतं, हाकेच्या अंतरावर. दिपाने ते आणखी थोडं वर चढवलं, एक गोल फेरी मारली आणि अलगद खाली उतरवलं. पाती थांबली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिला मॅडम पुढे होऊन दिपाच्या पाठीवर थाप मारत म्हणाल्या, की ड्रोन इथेच राहणार. रुख्मिणीबाईंनी सुनेची दृष्ट काढत आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि त्या सगळ्यांना सांगू लागल्या, की यात त्यांचाच मोठा वाटा आहे. नायक मात्र जिथे वळले होते तिथेच उभे होते, डोळे पुसत.

मी त्यांच्याजवळ गेले. "नायक, झालं ना मनासारखं? कसं दिसलं विमान?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओशाळून हसले.

"इमान पाह्यचं राहूनच गेलं, बाई," ते म्हणाले. "लेकराचं तोंड पह्यल्यांदाच पाह्यलं. तेच बघत राह्यलो."